गारपिटीचा अपुरा पंचनामा



इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ज्या धुळे शहरी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला, त्याच शहरी त्यांच्या स्मरणार्थ चार शब्द बोलण्याची आज्ञा आपण मला केलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. राजवाडे इतिहासाचे आणि माझा आजचा विषय वातावरणाचा. तेव्हा या दोहोंचा मेळ कसा बसावा, अशी शंका कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु देशमुख-देशपांड्यांच्या आणि कुलकर्ण्यांच्या वाड्यांतून, माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन झालेल्या रुमालांतून ज्या पुरुषाने मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांत उभी केली, त्याच्या उद्योगाच्या मुळाशी एक साधी श्रद्धा होती: समाजावर जे जे ओढवते त्याचे दप्तर राहिले पाहिजे, आणि ते दप्तर निव्वळ राजदरबारापुरते असून भागत नाही. आज मी ज्या अस्मानी संकटाविषयी बोलणार आहे, त्याचे दप्तर आपण ठेवतो खरे. पण ते फार अपुरे ठेवतो, आणि त्या अपुरेपणाची किंमत खानदेशची भूमी मोजत आहे, हे माझे आजचे प्रतिपादन आहे.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, सुमारे तीन आठवडे, महाराष्ट्रावर जी गारपीट झाली, ती अजून कोणी विसरले नसेल. एखाद्या सायंकाळी एखाद्या तालुक्याच्या दहा-पाच गावांवरून गारांचा पट्टा निघून जावा, एवढाच आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. त्या वर्षी मात्र आज इथे तर उद्या तिथे असे करीत त्या संकटाने राज्याच्या तत्कालीन पस्तीस जिल्ह्यांपैकी अठ्ठावीस जिल्हे गाठले. धुळे, जळगाव, नंदुरबार हे आपले तिन्ही जिल्हे त्यात होतेच. हातातोंडाशी आलेला गहू आणि हरभरा आडवा झाला, कांद्याच्या माना मोडल्या, द्राक्षे आणि डाळिंबे फुटली, केळीच्या बागांत पानांच्या नुसत्या चिंध्या लोंबू लागल्या, माणसे आणि गुरे दगावली, आणि मार्च महिन्यातल्या शेतांवर पांढऱ्या गारांचा थर पसरलेला पाहून वृद्ध शेतकरीही अवाक् झाले.

शीत प्रदेशांतील लोक ज्याला हिमवादळ म्हणतात, ते आपल्या वाट्याला येत नाही. ताशी ५६ किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा, त्यात भुरभुरणारे हिम, आणि चारशे मीटरांपलीकडचे काही दिसू नये अशी अवस्था सलग तीन तास राहिली, म्हणजे अमेरिकेत तिला हिमवादळ ही संज्ञा देतात. तापीच्या खोऱ्यात असे कधी घडायचे नाही. परंतु हिमवादळ आणि गारपीट यांची जन्मकथा तपासली, तर दोघांचे कूळ पुष्कळ अंशी एकच निघते, आणि याचा पुरावा त्याच २०१४ सालात सापडतो.

भूमध्य समुद्राच्या बाजूस उत्पन्न होऊन इराण-अफगाणिस्तानावरून पूर्वेकडे सरकणारे जे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यात काश्मीर, हिमाचल आणि पंजाबावर हिम-पाऊस पाडतात, त्यांच्यासमवेत उच्च वातावरणात थंड हवेची एक द्रोणी चालत असते. सामान्य वर्षी ती उत्तर भारतावरूनच निघून जाते. काही वर्षी मात्र वेगवान पश्चिमी वाऱ्यांच्या प्रवाहाला मोठे वळण पडून ती द्रोणी दक्षिणेकडे, पार विसाव्या अक्षांशाच्या आसपास उतरते, आणि जळगाव-धुळे तर एकविसाव्या अक्षांशाच्या अगदी लगत वसलेली आहेत. २०१४ साली अशी द्रोणी पुनःपुन्हा खाली आली. आणि त्याच वेळी जमिनीलगतच्या थरांत बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र या दोन्हींकडून दमट वारे राज्यात शिरले. खाली मार्चच्या उन्हाने तापलेली भूमी आणि तिच्यावर बाष्पाने जड झालेली उष्ण हवा, वर अतिशीत कोरडी हवा, अशी रचना जमली की खालची हवा मोठ्या आवेगाने वर उसळते आणि दहा-बारा किलोमीटर उंचीचे मेघस्तंभ घटका-दोन घटकांत उभे राहतात.

त्या मेघांत गार कशी घडते, हे थोडक्यात सांगतो. फाल्गुनात खानदेशावर भूपृष्ठापासून सुमारे चार किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान शून्य अंशापर्यंत उतरलेले असते. त्या पातळीच्या वर मेघांतील सूक्ष्म जलबिंदू गोठणबिंदूच्या खालीही काही काळ पाणीच राहतात. पण एखाद्या हिमकणाचा स्पर्श होताच ते त्याच्यावर तत्क्षणी गोठतात. वर चढणारा प्रवाह त्या कणाला तोलून धरतो, तोवर त्याच्यावर बर्फाचे थर चढत जातात, आणि कापलेल्या कांद्यातील पापुद्र्यांप्रमाणे दिसणारे हे थर मोठ्या गारेचे दोन तुकडे केले असता स्पष्ट दिसतात. प्रवाहाला तिचा भार सोसेनासा झाला की ती खाली येते, आणि लिंबाच्या आकाराची गार जमिनीवर आदळताना तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात असतो. पावसाळ्यात तीच शून्य अंशाची पातळी अधिक उंच गेलेली असते आणि मेघांतील ऊर्ध्वप्रवाहही तितके प्रखर नसतात, म्हणून आषाढ-श्रावणात गारा पडत नाहीत. गारांचे महिने आपल्याकडे प्रामुख्याने मार्च आणि एप्रिल. पृथ्वीचे तापमान वाढत असता ही शून्य अंशाची पातळी वर सरकेल, लहान गारा वाटेतच वितळतील, परंतु वाढलेल्या बाष्पामुळे बळावलेल्या मेघांतून येणारी मोठी गार जमिनीवर पोचेलच, असे वातावरणशास्त्राचे तर्कशास्त्र सांगते. आणि पिकाचा व प्राण्यांचा घात करते ती मोठीच गार.

आता त्याच २०१४ सालचा ऑक्टोबर पाहा. हुदहुद नावाचे चक्रीवादळ १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणपाशी किनाऱ्याला लागले. त्याचे अवशेष उत्तरेकडे सरकत नेपाळात पोचले, तेथे पश्चिमेकडून आलेल्या थंड द्रोणीशी त्यांची गाठ पडली, आणि १४ तारखेला अन्नपूर्णा परिसरातील घाटवाटांवर, प्रवासाचा हंगाम भरात असताना, अकस्मात हिमवादळ कोसळून चाळिसांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. आपल्याकडे फाल्गुनात आणि तेथे आश्विनात, उपसागराचे बाष्प आणि पश्चिमेची थंडी हीच सामग्री होती. उंची आणि ऋतू बदलले म्हणून एके ठिकाणी गारा झाल्या, दुसरीकडे हिमवादळ झाले. असाच योग १८८८ सालीही आढळतो. त्या वर्षीच्या १२ जानेवारीला अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत सकाळची उबदार हवा पाहून निर्धास्तपणे शाळेत गेलेली मुले दुपारच्या हिमवादळात सापडली, आणि दोनशे पस्तीस माणसे मेली. तर ३० एप्रिलला आपल्याच देशात मुरादाबादवर झालेल्या गारपिटीने दोनशे शेहेचाळीस माणसांचा आणि सोळाशेंवर गुराढोरांचा बळी घेतला.

पश्चिमी विक्षोभाचा दुसरा प्रसाद म्हणजे थंडीची लाट. विक्षोभ पुढे निघून गेला की त्याच्या पाठीमागून उत्तरेचे कोरडे वारे सातपुडा ओलांडून आणि बऱ्हाणपूरच्या खिंडीतून तापीच्या खोऱ्यात उतरतात. आकाश निरभ्र, हवा कोरडी, रात्र पौषाची लांबलचक. अशा वेळी दिवसभर तापलेल्या भूमीची उष्णता विनाअटकाव आकाशात निघून जाते, आणि जड झालेली थंड हवा उतारांवरून ओघळत नाल्यांच्या, ओढ्यांच्या आणि सखल शेतांच्या तळाशी साचते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची होरपळ सोसणाऱ्या याच प्रदेशात जानेवारीत पहाटेचा पारा एक आकडी होतो, हे आपण सारे जाणतो. अक्कलकुवा तालुक्यात सातपुड्याच्या माथ्यावर डाब म्हणून गाव आहे; तेथे कडाक्याच्या थंडीत गवतावरचे आणि घरांपुढच्या कडब्यावरचे दव गोठून पांढरे होते. हवेचे तापमान मोजण्याचे यंत्र माणसाच्या छातीच्या उंचीवर असते, तर दव गोठते ते जमिनीला लागून, जेथे पारा त्याहून तीन-चार अंशांनी खाली उतरलेला असतो. म्हणून वेधशाळेच्या आकड्यात शून्य दिसले नाही, तरी जमिनीवर दव गोठलेले असू शकते.

ही झाली आकाशाची बाजू. भूमध्य समुद्रावरच्या विक्षोभाला जळगावहून कोणी आवर घालू शकत नाही, आणि तशी वल्गनाही करू नये. परंतु आकाशातून येणाऱ्या आघाताचे संहारात रूपांतर किती व्हावे, हे पुष्कळसे खालच्या भूमीवर अवलंबून असते. १८८६-८७ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या कुरणांवर लक्षावधी गुरे मेली. तो हिवाळा कठोर होताच, पण त्यापूर्वीचा उन्हाळा अवर्षणाचा होता आणि कुरणांवर त्यांच्या शक्तीबाहेर गुरे चारलेली होती, म्हणून हिम पडण्याआधीच गवत संपलेले होते. मंगोलियात उन्हाळ्यातील अवर्षणामागून येणाऱ्या घातक हिवाळ्यास ‘झुद’ म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये तेथील ऐंशी लाखांवर जनावरे दगावली, आणि तेथेही चराईचा वाढलेला भार हे संहाराचे एक कारण होते. खानदेशची गोष्टही निराळी नाही.

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात कोसच्या कोस केळीच केळी उभी आहे. या पिकाने येथील शेतकऱ्याला प्रतिष्ठा दिली, जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि या वैभवाचा मला अभिमान आहे. पण केळी मूळची उष्ण व दमट प्रदेशातली. सुमारे दहा अंशांच्या खाली तिची वाढ जवळजवळ थांबते. पाने पिवळी पडतात, सालीखाली तपकिरी रेषा उमटून पिकलेले फळही निस्तेज राहते, आणि निसवण्याच्या वेळी थंडी पडली तर घड बुंध्याच्या गळ्यातच अडकतो. शेतकरी त्याला चरका बसला म्हणतात. गारांचा घात तर याहून निर्घृण, कारण केळीचे झाड निसवले की त्याला पुन्हा नवे पान येत नाही. घड पोसण्यासाठी जी पाने आहेत तेवढीच त्याची शिदोरी. मार्च महिन्यात मृगबागेतील अनेक झाडे नेमकी याच अवस्थेत असतात. तेव्हा एका सायंकाळी गारांनी पाने फाडली की वर्षभराची मेहनत अर्ध्या तासात व्यर्थ होते. आणि बुंध्यावरच्या व फळांवरच्या जखमांतून बुरशी शिरते, ते संकट नंतर महिनाभर चालूच राहते.

केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताचे दाट कुंपण असावे, थंडीच्या रात्री पाणी द्यावे, पहाटे बांधावर ओला-सुका पालापाचोळा पेटवून धूर करावा, घड झाकावेत, असे कृषिशास्त्रज्ञ सांगत आले आहेत, आणि जाणते बागाईतदार ते करतातही. तथापि बांधावरचा बाभूळ, निंब, आंबा, चिंच तोडून दोन ओळी अधिक लावण्याचा मोह सर्वत्र बळावला आहे. वारा अडवणारे, रात्रीची उष्णता अंशतः धरून ठेवणारे आणि जिवंत सृष्टीला थारा देणारे ते वृक्ष गेले, म्हणून आघाताची धार वाढली.

यापुढे मी जे सांगणार आहे, ते या व्याख्यानाचे हृद्गत आहे. गारपीट झाली की कलेक्टरांचे हुकूम सुटतात. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शेताच्या बांधावर जाऊन पंचांसमक्ष पंचनामा करतात. सातबारावरील नाव, गट नंबर, क्षेत्र आणि पिकाची हानी शेकडेवारीने लिहिली जाते. पूर्वी निम्म्याहून अधिक पीक गेले तरच मदत मिळे. २०१५ साली ती मर्यादा तेहतीस टक्क्यांवर आणली गेली, हे योग्यच झाले. ही व्यवस्था अपुरी मदत किंवा विलंब यांमुळे कितीही टीकेस पात्र असली, तरी ती आहे, आणि ती असावी. परंतु तिच्या स्वरूपातच एक मर्यादा आहे: ज्याचा कोणी मालक आहे, त्याच्याच हानीची ती नोंद घेते. जे कोणाच्याही सातबारावर नाही, ते मेले तरी कागदावर मरत नाही.

पक्ष्यांचेच पाहा. गारांचे मेघ बहुधा दुपार उलटल्यावर उभे राहून सायंकाळी फुटतात, आणि पोपट, साळुंक्या, बगळे, कावळे थव्याथव्याने मोठ्या झाडांवर मुक्कामाला परततात तीही हीच वेळ. उघड्या फांदीवर बसलेल्या पाखराला लिंबाएवढ्या गारेपासून बचाव नाही; सकाळी झाडाखाली मृत पक्ष्यांचा सडा पडतो. ज्यांना जुन्या वृक्षाची ढोली सापडते ते वाचतात. म्हणून ढोल्यांचे वृक्ष तोडणे म्हणजे पुढल्या गारपिटीतील मृत्यूंची तरतूद करून ठेवणे होय. टिटवी मार्चपासून उघड्या माळावर अंडी घालते. तिला तर आडोसाच नाही. आणि हे पक्षी निरुपद्रवी शोभेचे जीव नव्हेत. नांगरामागे चालणारा बगळा आणि तारेवरचा कोतवाल शेतातल्या किड्यांवर जगतात. ते एका रात्रीत नाहीसे झाले की पुढच्या खरिपातील कीडही वाढते, पण त्या वाढीचे मूळ कोणी मार्चच्या सायंकाळी शोधीत नाही.

मधमाश्यांची हानी याहून सूक्ष्म आहे. आग्या मोहोळ उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला उघडेच लोंबते. गारांच्या माऱ्याने पोळे फुटते, अळ्या आणि मध मातीत मिसळतो, आणि उरलेली वसाहत स्थलांतर करते किंवा मरते. केळीचे फळ परागीभवनावाचूनच धरते, म्हणून केळीच्या हिशेबात मधमाशीचा मृत्यू कोठेच उमटत नाही; परंतु शेवगा, लिंबू, डाळिंब, कलिंगड, खरबूज आणि कांद्याचे बियाणे ही सारी त्या इवल्या जीवाच्या श्रमावर अवलंबून आहेत. एका पिकाच्या डोळ्याने पाहणाऱ्याला जे नुकसान दिसत नाही, ते शेजारच्या दहा पिकांना भोवते.

आणि आता सातपुड्याकडे वळू. होळीच्या सुमारास मोह फुलतो. पहाटे गळणारी त्याची टपोरी फुले वेचायला भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबांतील बायामुले उजाडण्यापूर्वी रानात जातात. पाठोपाठ चारोळी आणि टेंभुर्णीची पाने येतात. पावसाळ्यापूर्वीच्या टंचाईच्या महिन्यांत हीच त्यांची रब्बी. एका गारपिटीने मोहाच्या कळ्या झडल्या की त्या वर्षीचा हा हंगाम संपला. झाड उभे असते, पण हातात काही येत नाही. २००६ च्या वनाधिकार कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली आहे. तरी पिकाला, जनावराला, घराला मदतीचे निकष आहेत, मोहाच्या फुलाला नाहीत. कायद्याने ज्याला मालक म्हटले, त्याला पंचनाम्याने अजून ओळखलेले नाही, ही विसंगती मला फार बोचते.

खुद्द भूमी आणि वृक्ष यांचीही कथा आहे. पीक काढलेल्या उघड्या काळ्या रानावर गारा आदळल्या की मातीचे कण फुटतात, वरचा थर चोपून बसतो, आणि पाठोपाठ येणारा पाऊस मुरण्याऐवजी माती घेऊन पांझरा, बोरी, गिरणा, अनेर यांना मिळतो. ज्या रानावर कडब्याचे किंवा पाल्याचे आच्छादन असते, तेथे हा मार पाल्यावर निभावतो. जंगलात हिरवी पाने अकाली गळतात. झाड पानगळीपूर्वी पानातील पोषण परत ओढून घेते, ते त्याला साधत नाही. मातीला क्षणिक लाभ होतो, परंतु झाड दुबळे होते, आणि सालीच्या जखमांतून भुंगेरे व बुरशी शिरतात. यातून सावरायला जंगलाला अनेक ऋतू लागतात.

तेव्हा करावे काय? मी चारच गोष्टी सुचवतो, आणि त्या चारही खानदेशाच्या आवाक्यातल्या आहेत. पहिली, गारांचे मोजमाप. महसूल मंडळांतून ‘महावेध’ची स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, ती पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता मोजतात, गारा मोजत नाहीत. युरोप-अमेरिकेत थर्मोकोलसारख्या मऊ पाटीवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवून ती उघड्यावर ठेवतात. गारांनी उमटलेल्या खळग्यांवरून त्यांचा आकार, संख्या आणि मारा कळतो. ही पाटी प्रत्येक माध्यमिक शाळेच्या आवारात ठेवता येईल, आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने या पाट्यांचे दप्तर सांभाळावे.

दुसरी गोष्ट, पंचनाम्याला पुरवणी. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असावयाची आहे. गारपिटीनंतरच्या पंधरा दिवसांत त्या नोंदवहीत मृत पक्षी, फुटलेली मोहोळे, मोडलेले जुने वृक्ष आणि मोहाचा बुडालेला हंगाम लिहावा, आणि त्याची नक्कल तलाठ्याच्या पंचनाम्यास जोडावी. तिसरी, वनाधिकार मिळालेल्या ग्रामसभांनी वनोपजाच्या हानीचा दावा लेखी करावा, आणि शासनाने निकषांत त्याला स्थान द्यावे. चौथी, बांध पुन्हा झाडांचा करावा. बागेला शेवरी, बांधाला निंब-बाभूळ, आणि ढोली असलेला प्रत्येक जुना वृक्ष गावाच्या मालकीचा समजून राखावा.

कोणी म्हणेल, शेतकऱ्याचेच नुकसान पुरते भरून निघत नाही, तेथे पोपट आणि मधमाश्या मोजत बसण्याचे प्रयोजन काय? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही तितकेच सरळ आहे. ज्या शेतकऱ्याची आपण कळकळ बाळगतो, त्याचे पुढील वर्षाचे पीक याच बेवारस मानल्या गेलेल्या सृष्टीवर उभे आहे. भरपाईची रक्कम गेलेल्या हंगामासाठी असते. परागीभवन करणारी माशी, किडे खाणारे पाखरू, माती धरणारे झुडूप आणि वारा अडवणारा वृक्ष हे येणाऱ्या सर्व हंगामांचे भांडवल आहे, आणि ते घटत असताना आपण त्याचा जमाखर्चच ठेवीत नाही. राजवाड्यांनी मोडी दप्तरांसाठी जी पायपीट केली, तिचे वारसदार म्हणवून घ्यायचे असेल, तर पुढची गारपीट होऊन गेल्यावर धुळे-जळगावच्या प्रत्येक गावात नुसत्या पिकाचा नव्हे, तर गावाच्या समग्र जीवसृष्टीचा पंचनामा लिहिला जावा, आणि तो लिहिण्याची सुरुवात येत्या मार्चपूर्वीच एकेका शाळेने व एकेका ग्रामसभेने करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.